मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येणाऱ्या पाहुण्याला साइट कुठल्या भाषेत उघडावी?

खाडीकाठ (प्रश्न)

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू व्हायच्या आत साइट चालू करायचीये. आमच्या मालवण तालुक्यातल्या किनारपट्टीवरचे काही निवास-न्याहारीवाले एकत्र आलेत, मोठ्या बुकिंग अ‍ॅपचं कमिशन परवडत नाही म्हणून स्वतःची साइट काढतायत आणि कोडिंगचं काम माझ्याकडे आलंय. खोल्या, जेवण, स्नॉर्कलिंग, किल्ल्याच्या होड्या, पावसाळ्यात काय काय बंद असतं, सगळी माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार आहे. माणसांनी बसून लिहिलीये, मशीनकडून काढलेली नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. पहिल्यांदा साइट उघडली की दाखवायची कुठली भाषा? मीटिंगमध्ये दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणतात गाव आपलं, साइट आपली, मराठीच उघडली पाहिजे, ज्याला नको तो बदलेल. पोरं म्हणतात बंगळूर-हैदराबादचा पाहुणा मराठी बघून तसाच मागे फिरेल, इंग्रजी ठेवा. मग डिझाइनवाल्याने मधला मार्ग काढला, नेटच्या जोडणीचा नंबर म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसवरून माणूस कुठला ते ओळखायचं, महाराष्ट्रातला असला तर मराठी, उत्तरेकडचा असला तर हिंदी, बाकी सगळ्यांना इंग्रजी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते पटत नाहीये.

कारण आमच्याकडे एका माणसाची एक भाषा असं कोणाचंच नाही हो. ज्यांच्या खोल्या आहेत त्यातल्याच एक काकू घ्या, घरात मालवणी बोलतात, पेपर मराठी वाचतात, टीव्हीवर हिंदी बघतात आणि फोन त्यांचा इंग्रजीत आहे, का तर दुकानातून आणला तेव्हा तसाच होता आणि कोणी बदललाच नाही. बुकिंगचा मेसेज आला की तारीख आणि रक्कम इंग्रजीत झटकन बघून घेतात, पण पाहुण्याने रद्द केलं तर पैसे कोणी किती द्यायचे हा भाग त्यांना मराठीतच हवा असतो आणि तो त्या दोनदा वाचतात. पुण्यातला आयटीवाला पाहुणा खोली इंग्रजीत बुक करतो आणि तीच लिंक आईला पाठवतो, आई जेवणाचं पान मराठीत वाचणार. आता यांची ‘भाषा’ म्हणून मी डेटाबेसमध्ये काय लिहू?

तर पहिल्या भेटीला काय दाखवायचं, माणसाने निवडलेली भाषा कुठे लक्षात ठेवायची, आणि दोन-तीन भाषा सारख्याच येणाऱ्या माणसाला एकाच भाषेत कोंडायचं नाही तर नेमकं काय करायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

---

सड्यावरून

आयपीचं आधी डोक्यातून काढा. मोबाइल नेटवर आयपीवरून जे गाव कळतं ते बऱ्याचदा कंपनीचं गेटवे, म्हणजे नेटला जोडणारं केंद्र, जिथे असेल तिथलं असतं, माणूस देवबागला बसलेला आणि आयपी मुंबई नाहीतर पुणे सांगतो. त्यात आपल्याकडचा घोळ वेगळाच, टेलिकॉमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतं आणि मुंबईचं सर्कल मात्र निराळं आहे. आणि समजा जागा बिनचूक कळली तरी काय कळलं? पणजीत मराठी वाचणारे भरपूर आहेत आणि मुंबईत मराठी न वाचणारे त्याहून भरपूर आहेत. माणूस कुठे आहे ते होडीची वेळ आणि हवामान दाखवायला वापरा, भाषेला नको.

ब्राउझर स्वतःहून सांगत असतो ते आधी ऐका. प्रत्येक पान मागताना तो अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज नावाचं हेडर पाठवतो, त्यात माणसाच्या फोनमधल्या भाषांची यादी असते, पसंतीच्या क्रमाने, प्रत्येकीला शून्य ते एकमधलं वजन लावलेलं. अँड्रॉइडमध्ये ७.० पासून म्हणजे २०१६ पासून एकाहून जास्त भाषा क्रमाने लावता येतात. आता काकूंचा फोन इंग्रजीत आहे म्हणजे हेडरमध्ये इंग्रजीच पहिली येणार, म्हणून ही यादी डोळे झाकून मानायची नाही, वाचायची कशी ते महत्त्वाचं आहे. माझं मत असं की इंग्रजी पहिली असणं याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही, ती आपोआपच असते. पण यादीत मराठी कुठेही दिसली, अगदी तिसऱ्या नंबरला, तर ती बहुतेक वेळा कोणीतरी मुद्दाम टाकलेली असते. त्या माणसाला मराठी दाखवायला कचरू नका.

मात्र मराठी नाही म्हणून मराठी येत नाही असंही धरू नका. आयफोनवरचा सफारी यादी न पाठवता एकच भाषा पाठवतो, क्रोमही काही वेळा तसंच करतो.

दुसरं, तिन्ही भाषांची पानं वेगवेगळ्या पत्त्यावर ठेवा, पत्त्यातच मराठीला एमआर, हिंदीला एचआय, इंग्रजीला ईएन. एकाच पत्त्यावर माणूस बघून भाषा बदलायची हा प्रकार करू नका. गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बहुतांशी अमेरिकेतल्या आयपीवरून येतो आणि अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज पाठवतच नाही, म्हणजे त्याला कायम इंग्रजी पान मिळणार आणि तुमची मराठी पानं शोधात कधी दिसणारच नाहीत. प्रत्येक पानावर एचरेफलँग टॅगने, म्हणजे कुठल्या भाषेचं पान कुठे ते शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणेने, त्या पानाचा स्वतःचा आणि बाकीच्या दोन भावंडांचे पत्ते द्या आणि एक्स-डिफॉल्ट म्हणून, म्हणजे कुठलीच भाषा जुळली नाही तर, मुख्य दाराचा म्हणजे पहिल्या पानाचा पत्ता द्या.

आणि कोणाचं कोणापुढे चालणार ते आधीच ठरवून टाका. पत्त्यात भाषा असेल तर तीच दाखवायची, पोराने आईला मराठी जेवणाच्या पानाची लिंक पाठवली तर आईचा फोन काहीही सांगो, मराठीच उघडलं पाहिजे. पत्त्यात नसेल तर माणसाने आधी कधी निवडलेली भाषा, ती नसेल तर ब्राउझरची यादी, आणि काहीच हाताला लागलं नाही तर तुमचं ठरलेलं. पत्त्यात भाषा असलेल्या पानावरून माणसाला आपोआप दुसऱ्या भाषेच्या पानावर ढकलायचं नाही. फार तर वर एक पातळ पट्टी, ‘हे पान मराठीतही आहे’, आणि ती एकदा बंद केली की पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

---

गडगा

सड्यावरूनने छान लिहिलंय पण शेवटचं ‘तुमचं ठरलेलं’ इतक्यात आटपू नका, खरी मारामारी तिथेच आहे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त फोन मला तरी इंग्रजीतच दिसतात, मग तुमच्या हेडरमधून सारखी इंग्रजीच निघणार, त्यामुळे साइट इंग्रजीत उघडणार, त्यामुळे मराठी पानं कमी बघितली जाणार, आणि वर्षभराने कोणीतरी मीटिंगमध्ये आकडे काढून म्हणणार की मराठी कोणी वाचतच नाही, नवीन माहिती फक्त इंग्रजीत टाका. हे मी एका संस्थेच्या साइटवर डोळ्यांसमोर होताना बघितलंय. मराठी पान आहे पण त्यावर जुने दर, जुने फोन नंबर, मग वाचणारा इंग्रजीवर जातो आणि तोच पुरावा ठरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, काहीच कळत नसेल तर मराठी. माहिती इथली, घरं इथली. बंगळूरच्या पाहुण्याला इंग्रजीचं बटण दिसायला एक सेकंद लागतो आणि तो ते दाबतोच, त्याला सवय असते. आमच्या वाडीतल्या आजोबांना इंग्रजी पानावर मराठीचं बटण शोधायला सांगा, ते फोन खाली ठेवतील.

---

सड्यावरून

गडगा, आकड्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भाषा कुठली उघडली ते मोजू नका, भाषा कोणी कुठून कुठे बदलली ते मोजा, त्यातून खरी पसंती कळते. पण मुख्य दारावर अंदाज करायचाच कशाला? कोकण रेल्वेच्या स्टेशनवरची पाटी कुठे विचारते तुम्ही कोण म्हणून, तिन्ही भाषा एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि ज्याला जी हवी ती तो वाचतो. पहिल्या पानावर समुद्राचा फोटो, त्यावर तिन्ही भाषांत एकेक ओळ आणि तीन मोठी बटणं, मराठी सगळ्यात वर. ज्याच्या यादीत मराठी किंवा हिंदी सापडली त्याला थेट आत सोडा, बाकीच्यांना हे दार. आत शिरल्यावर मग एकच भाषा.

---

वाडीवरची

बरा केलस विचारलस ता. मी सेवा केंद्र चालवते, दिवसभर लोकांचे फॉर्म भरते, त्यामुळे कोडिंगचं मला विचारू नका पण लोक कुठे अडकतात ते सांगू शकते.

भाषेचं बटण. कितीतरी साइटवर ते तीन रेघांच्या मेनूत अगदी तळाला असतं आणि त्यावर झेंडा नाहीतर पृथ्वीचा गोळा. झेंडा कशाला? मराठी आणि हिंदीला वेगळा झेंडा कुठून आणणार आणि इंग्रजीला कोणाचा लावणार? सरळ अक्षरात लिहा, आणि प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेच्या लिपीत लिहा, इंग्रजी पानावर मराठीचं नाव रोमन अक्षरात लिहून ठेवलं तर ज्याला ते बटण हवंय त्यालाच ते वाचता येत नाही. वर उजव्या कोपऱ्यात, सगळ्या पानांवर, एकाच जागी.

दुसरं म्हणजे भाषा बदलली की माणूस आहे त्याच पानावर राहिला पाहिजे, मुखपृष्ठावर फेकला नाही गेला पाहिजे. आणि हात जोडून सांगते, भरलेलं पुसू नका. परवाच एक ताई बसल्या होत्या, नाव, पत्ता, तारखा, माणसं किती, सगळं भरून झालं, खाली अटी इंग्रजीत होत्या म्हणून मी म्हटलं मराठी करून वाचूया, बटण दाबलं आणि अख्खा फॉर्म कोरा. त्या म्हणाल्या राहूदे आता, वाचत नाय, कर सही. म्हणजे वाचण्यासाठी भाषा बदलली आणि त्यापायीच न वाचता मान्य करावं लागलं. पैसे परत मिळण्याच्या अटी असतात त्यात, माणसाचं नुकसान होतं अशाने.

म्हणून माझं म्हणणं असं की अख्ख्या साइटची भाषा बदलायची सोय हवीच, पण अटी, रद्द करण्याचे नियम आणि पैशाचा हिशेब एवढ्या तीन जागी तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत उघडायची सोय द्या. बाकी फॉर्म इंग्रजीत राहिला तरी चालतो. खाडीकाठने लिहिलेल्या काकूंसारखीच आमच्याकडे सगळी माणसं आहेत, कामापरत्वे भाषा बदलते.

नाव-पत्त्याचं पण. साइट मराठीत आहे म्हणून नाव मराठीतच टाइप करा अशी सक्ती करू नका आणि उलटही करू नका. आधार कार्डावर दोन्ही लिपीत नाव असतं, पण टाइप करताना लोक रोमन अक्षरातच टाइप करतात कारण कीबोर्ड तो असतो. दोन्ही घ्या. आणि फोन नंबर कोणी मराठी आकड्यांत टाकला तर ‘अवैध क्रमांक’ म्हणून लाल करू नका, आकडा तो आकडाच.

---

बंदरावर

रत्नागिरी जिल्ह्यातून. दोन गोष्टी.

आमच्याकडे प्रत्येक घरातला एक तरी आखातात असतो. भाऊ तिथे नोकरीला आहे, सुट्टीत घरच्यांना घेऊन तारकर्लीला जायचं म्हणून तिकडून बुकिंग बघत होता तर एक मोठी साइट त्याला अरबीतच उघडायची, बदलली तरी दुसऱ्या दिवशी परत अरबी. त्याचा फोन इंग्रजीत, लॉगिन भारतातलं, आधीची सगळी बुकिंग भारतातली, तरी फक्त तो उभा कुठे आहे एवढंच बघितलं. आयपीवरून भाषा ठरवणाऱ्यांना हा एक दाखला पुरे. शेवटी मी इथून बुक करून दिलं.

दुसरं, आमच्या मोहल्ल्यात घरी कोकणी बोलतात पण जुनी माणसं वाचायला उर्दू शिकलेली आहेत. सगळी साइट उर्दूत करा असं म्हणत नाही, पण घराची माहिती आणि नियम एवढं एक पान केलंत तर फार बरं होईल. फक्त करायचं तर नीट करा, एचटीएमएलमध्ये भाषा यूआर आणि दिशा उजवीकडून डावीकडे असं दोन्ही सांगावं लागतं, आणि उर्दूच्या नस्तालिक वळणाच्या फॉन्टला ओळींमध्ये जास्त जागा लागते नाहीतर अक्षरं वरखाली कापली जातात. मराठी पानाच्या साच्यात तसंच ओतलं तर वाचवत नाही.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सेवा केंद्रवाल्या ताईंचा अटी तिथल्या तिथे उघडण्याचा मुद्दा मी आजच घेतला, आणि आखाताचं उदाहरण पुढच्या मीटिंगला सांगणार आहे, आमच्या ग्रुपातल्याही अनेकांची मुलं तिकडे आहेत त्यामुळे लगेच पटेल. बंदरावर, उर्दू पानाचं मीटिंगमध्ये मांडतो, मजकूर तपासायला तुमची मदत लागेल.

अजून तीन शंका. पाहुणे अभिप्राय लिहितील ते कुठल्याही भाषेत असतील, ते कसे दाखवायचे? गोव्याचे काहीजण कोंकणीत लिहितील, त्याचं काय? आणि देवबागच्या टोकाला नेट कधीही जातं, त्यामुळे बुकिंग पक्कं झाल्याचा एसएमएस पाठवायचाय, तो कुठल्या भाषेत?

---

सड्यावरून

अभिप्रायांचं आधी, कारण तिथे मोठमोठ्या साइटसुद्धा माती खातात. माणसाने इंग्रजी निवडली की मराठी अभिप्राय आपोआप मशीनने इंग्रजी करून दाखवतात, ज्याला दोन्ही वाचता येतात त्यालाही. मूळ लिहिणाऱ्याने ‘सोलकढी अशी की दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय उठवेना’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला त्याचा चोथा मिळतो. इथे तुमच्या डेटाबेसच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘भाषा’ असा एकच रकाना ठेवू नका, दोन ठेवा. एक, साइट कुठल्या भाषेत दाखवायची, ती एकच. दुसरा, कुठल्या कुठल्या भाषा वाचता येतात, त्यात हव्या तितक्या खुणा करता येतील. दुसऱ्या रकान्यातल्या भाषांमधले सगळे अभिप्राय जसेच्या तसे दाखवायचे, भाषेवरून लपवायचे नाहीत, आणि यादीबाहेरच्या अभिप्रायाखाली ‘भाषांतर बघा’ एवढं बटण. माणसाने दाबलं तरच भाषांतर करायचं. लॉगिन असेल तर हे दोन्ही रकाने खात्यात ठेवा, नसेल तर कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीत, आणि लॉगिन झाल्यावर खात्यातलं खरं धरा म्हणजे फोनवर निवडलेलं लॅपटॉपवरही येईल.

अख्ख्या पानाला लँग, म्हणजे भाषेचा कोड, लावता तसं प्रत्येक अभिप्रायाला त्याचं त्याचं लँग लावा. मराठी मजकुराला एमआर लावलं तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श येतात, एचआय राहिलं तर हिंदी वळणाचे येतात. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस फोनवर ऐकून वाचतो तेव्हा पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कुठला आवाज लावायचा ते यावरूनच ठरवतो, इंग्रजी आवाजात मराठी ऐकणं म्हणजे शिक्षा आहे.

कोंकणीचा कोड केओके, पण लिपी बघून पुढे जोडा, देवनागरी असेल तर देवा, रोमी म्हणजे रोमन अक्षरं असतील तर लॅटन. गोव्यात दोन्ही लिपींत लिहिणारे आहेत आणि एक वाचणाऱ्याला दुसरी वाचता येईलच असं नाही. ‘वाचता येतात’च्या यादीत दोन्ही वेगळ्या द्या.

आणखी एक जागा जिथे सगळे फसतात. जावास्क्रिप्टमध्ये भाषेनुसार आकडे-तारखा मांडणारी इंटल नावाची सोय आहे, तिला मराठीचं लोकेल म्हणजे भाषेचा कोड दिलात की ती आकडे आपोआप देवनागरीत देते, हिंदीला मात्र इंग्रजी आकडेच ठेवते. वाईट काही नाही, दर मराठी आकड्यांत छान दिसतात, पण पेमेंटच्या पानावर आणि बुकिंग नंबरात एकच प्रकार ठेवा. लोकेलला पुढे यू-एनयू-लॅटन जोडलं की इंग्रजी आकडे येतात. तारखेत महिना अक्षरांत लिहा, नुसते आकडे टाकून कोणता दिवस आणि कोणता महिना अशी भानगड ठेवू नका.

---

वाडीवरची

एसएमएसचं मी सांगते, आमच्या बचतगटाचे मेसेज मीच पाठवते. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांपर्यंत एक धरतात, मराठीत ७० लाच एक संपतो, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी सगळी वेगळी मोजली जाते. त्याहून लांब झाला की दोन-तीन मेसेजचे पैसे लागतात. म्हणून लोक थेट इंग्रजीवर उतरतात, तुम्ही तसं करू नका, मजकूर आखूड करा. लांबलचक तीन वाक्यं कशाला, घराचं नाव, तारीख, किती माणसं, यजमानांचा नंबर, बास. आभार वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. आणि मेसेजचा साचा म्हणजे टेम्प्लेट डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, आधी नोंदवावं लागतं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही आत्ताच टाकून ठेवा, मंजुरीला वेळ लागतो आणि तुमची दिवाळी तोंडावर आहे.

पाहुण्याला जाणारा मेसेज त्याने बुकिंग ज्या भाषेत केलं त्या भाषेत. घरवाल्यांना जाणारा त्यांना विचारून, पाहुण्याची भाषा त्यांच्या माथी मारू नका. एकेका घरी फोन करून विचारलंत तरी एका संध्याकाळचं काम आहे. आणि विचारताना ‘मराठी की इंग्रजी’ असं विचारू नका, दोन्ही नमुने पाठवा आणि कुठला ठेवू ते विचारा, नाहीतर समोरची बाई इंग्रजी येत नाही असं वाटू नये म्हणून इंग्रजीच सांगते.

---

खाडीकाठ

नमुन्यांचं एकदम पटलं ताई, तसंच करतो. टेम्प्लेट दोन्ही भाषांत आज रात्री लिहून इथे टाकतो, ७० मध्ये बसतंय का ते जरा मोजून सांगा. देवबागमधल्या एका घराचं नावच इतकं लांब आहे की तिथे काहीतरी कापावं लागेल असं दिसतंय.